लहान केलेले चेहरे

रुख्माबाई हरवली ती ऐन लग्नसराईत, पांढुर्ण्याला. तिच्या मुलाच्या, हरिदासच्या, मावसबहिणीच्या पोरीचं लग्न होतं आणि आष्टीहून घरची सगळी माणसं जीप करून गेली होती. फोटो काढायला हरिदासच होता. घरच्या लग्नात बाहेरचा फोटोवाला कोण लावणार? पंगती उठल्या, नवरीला निरोप द्यायची रडारड सुरू झाली आणि त्या रडारडीत म्हातारीवरचं सगळ्यांचं लक्ष उडालं. डोळे पुसून माणसं इकडंतिकडं बघतात तर म्हातारी जागेवर नाही.

दोन वर्षांपासून तिला विसर पडत होता. दूध चुलीवर ठेवून ती शेजारी जाऊन बसायची. सुनेला विचारायची, "तू कोनाची वं बाई?" लग्नघर स्टेशनाजवळ होतं. एका हमालाने सांगितलं, हिरव्या लुगड्यातली एक म्हातारी इटारसीकडच्या गाडीत चढताना दिसली. दिसली, पण त्याने तिला धरलं नाही. धरणार तरी का? गाडीत म्हाताऱ्या चढतातच.

तिथून पुढचे दिवस हरिदासने कसे काढले ते त्याचं त्यालाच माहीत. बैतूल, इटारसी, मग परत बैतूल. स्टेशनांवर, दवाखान्यांत, देवळांच्या पायऱ्यांवर तो आईला शोधत फिरला. पोलीस लिहून घ्यायचे आणि "खबर करेंगे" म्हणायचे. कोणी सांगायचं, अमक्या गावात एक म्हातारी बसलेली असते. की हा निघाला. जवळ गेलं की दुसऱ्याच कोणाची तरी आई निघायची. घरी आला की रूपराव, त्याचा बाप, ओट्यावरून उठून उभा राहायचा, पोराच्या मागे कोणी उतरतं का ते बघायचा आणि परत खाली बसायचा.

पाऊस लागल्यावर एका संस्थेचा पत्ता लागला. मध्य प्रदेशात रस्त्यावर सापडलेल्या बेवारस बायांना ती संस्था ठेवून घ्यायची. कचेरी एका मोठ्या शहरात आणि घरं मात्र ठिकठिकाणी पसरलेली. ज्या घरात जागा असेल तिथं बाई पाठवून द्यायचे. त्यांना नवा डिजिटल कॅमेरा मिळाला होता. प्रत्येक घरात जाऊन प्रत्येक बाईच्या हातात नंबराची पाटी देऊन त्यांनी फोटो काढले होते आणि ते सगळे कचेरीतल्या एका कम्प्युटरमध्ये भरून ठेवले होते. त्या कम्प्युटरवर रक्षा नावाची एक मुलगी बसायची. फोनवर बोलायला मोकळी, पण कामाने वैतागलेली.

"ठोड़ी पे गोदना है, तीन टिपके," हरिदासने आईच्या हनुवटीवरच्या गोंदणाची खूण सांगितली.

"भैया, इधर की आधी बाइयों को गोदना है," रक्षा म्हणाली. "मैं तो ऑफ़िस में बैठती हूँ, किसी को देखा नहीं. आप फोटो देख लो. लेकिन जल्दी करो. जिनका कोई नहीं मिला, उनको सोमवार को बड़े अस्पताल भेज रहे हैं. वहाँ गए तो फिर मैं भी नहीं ढूँढ पाऊँगी."

तो शुक्रवार होता. सोमवारच्या आत फोटो बघायचे, आई ओळखायची, त्या घरी फोन करायचा आणि तिला गाडीत बसू द्यायचं नाही. एवढंच काम होतं. पण फोटो यायचे कसे? कुरिअरला आठवडा लागणार. कचेरीतला कम्प्युटर जुना, त्यावर सीडी बनत नव्हती. राहिलं इंटरनेट. आष्टीत ते हरिदासच्याच स्टुडिओत होतं, टेलिफोनच्या तारेवर चालणारं. एक मोठा फोटो उतरायला चहा पिऊन, पान खाऊन यावं एवढा वेळ लागायचा. आणि फोटो शेकड्याने होते.

आता हरिदासच्या धंद्याची एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आष्टी, कारंजा, तळेगाव, सगळीकडे हरिदासचे लग्नाचे अल्बम नावाजलेले होते. त्याच्या फोटोत नवरी कशी लोण्यासारखी दिसायची. देवीचे वण, तारुण्यपिटिका, चामखीळ काही शिल्लक राहायचं नाही. कम्प्युटर घेतल्यावर त्याने ही सगळी करामत यंत्राला एकदाच शिकवून ठेवली होती. आधी डाग पुसायचे, मग चेहरा उजळायचा, मग फोटो लहान करायचा. एकदा शिकवलं की यंत्र तेच काम ओळीने सगळ्या फोटोंना लावत जायचं, अख्खं लग्न तासाभरात. हरिदास तेवढ्यात बाजार करून यायचा. त्यात अजून एक फायदा त्याच्या ध्यानात आला होता. फोटो आधी गुळगुळीत केला की दाबल्यावर तो फार लहान होतो. झाडाची पानं, अंगणातली खडी, लुगड्यावरची बुट्टी, असलं बारीकसारीक फोटोत जेवढं जास्त, तेवढी फाईल फुगते. ते पुसून टाकलं की चौथा हिस्सा उरतो. जिनिंगमध्ये कापूस दाबून गाठ बांधतात तसंच हे, असं तो गिऱ्हाइकांना समजावून सांगायचा. फक्त एक फरक होता, तो त्याने कधी कोणाला सांगितला नाही, कारण कधी गरजच पडली नाही. कापसाची गाठ सोडली की कापूस परत कापूस होतो. दाबलेला फोटो परत मोठा होत नाही.

त्या दिवशी फोनवर त्याने रक्षाला आपली सगळी रीत शिकवली. तिच्याकडेही तेच फोटोशॉप होतं. तिने आधी नुसता फोटो लहान करून बघितला.

"अभी भी बड़ा है, भैया. पीछे नीम का पेड़ है, सब पत्ते आ रहे हैं."

"तो पहले साफ करने का," हरिदास म्हणाला. "फिल्टर में जाओ. धूल-दाग वाला. हाँ, वोच. नंबर बढ़ाओ. बढ़ाओ और थोड़ा. अब छोटा करो. कितना हुआ?"

"अरे वा!" रक्षा म्हणाली. "इतना सा हो गया!"

"अब ये सब फोटो को लगा दो एक साथ. मशीन करेगी, तुम चाय पियो."

"रखूँ कहाँ? इसमें जगह ही नहीं बची."

"उसी नाम से रख दो. पुराने के ऊपर."

मूळ फोटो जात होते तर जाऊ देत. कॅमेऱ्यातली कार्डं तर तिने केव्हाच पुसून परत वापरायला दिली होती. हरिदासला त्या वेळी एकच धास्ती होती, रविवारपर्यंत फोटो उतरतील की नाही.

शनिवारी सकाळपासून गठ्ठे यायला लागले. रक्षाने पन्नास-पन्नास फोटो बांधून पाठवले होते. निम्मा गठ्ठा उतरला की लाईन तुटायची. परत पहिल्यापासून. वरून भारनियमन. दुपारी लाईट गेली तेव्हा हरिदास शेजारच्या प्रभाकररावांकडे धावला. प्रभाकररावांचा मंडप डेकोरेशनचा धंदा होता, त्यांच्याकडे जनरेटर होता.

"अबे, लग्नाचा जनरेटर तू त्या डबड्याले लावतं?" प्रभाकरराव म्हणाले.

"काका, आईचे फोटो येऊन राह्यले."

प्रभाकररावांनी जनरेटर ओढत आणला, स्वतः दोरी ओढून सुरू केला आणि तेल संपेपर्यंत तिथेच खुर्ची टाकून बसले.

त्या दोन दिवसांत स्टुडिओचा फोन एकदाही वाजला नाही. वाजणार कसा? तारेवर इंटरनेट सुरू होतं, बाहेरून लावणाऱ्याला फोन बिझीच लागत होता.

रविवारी दुपारी शेवटचा गठ्ठा उतरला. हरिदासने बापाला आणून कम्प्युटरपुढे बसवलं. बायको रूपाली मागे उभी राहिली. एकेक चेहरा पडद्यावर यायला लागला.

सगळ्या बायांची डोकी भादरलेली. उवा होतात म्हणून आश्रमात केस काढून टाकतात. सगळ्यांच्या अंगात एकाच रंगाचे झगे. कोणी हसते, कोणी पाटी उलटी धरून बसलेली, कोणी कॅमेऱ्याकडे नाही तर वर आभाळाकडे बघते. केस नाही, कुंकू नाही, लुगडं नाही. बाई ओळखावी ती कशावरून? हरिदासला पहिल्या पन्नासातच दहा ठिकाणी आई दिसली आणि जरा निरखलं की दहाही ठिकाणची निघून गेली.

रूपराव मात्र भरभर "नाई, नाई" म्हणत होता. शेतातून तण उपटून टाकावं तसा. त्याचं बघणं कसं होतं तेही सांगतो. त्याचं लग्न झालं तेव्हा घरात बायकोचे सासू-सासरे, दीर, चुलतसासरे, सगळे. सून म्हणजे नाकाच्या शेंड्यापर्यंत पदर. दिवसभर नवऱ्याला तिची हनुवटी तेवढी दिसायची, आणि हनुवटीवरचे हिरवे तीन ठिपके, मधला जरा मोठा. बाजारात, जत्रेत, निंदणाच्या बायांत, पदर ओढलेल्या चाळीस बायांतून रूपराव आपली बायको हनुवटीवरून काढायचा. पुढे म्हातारी माणसं गेली, पदर वर सरकला, पण त्याची नजर तिथंच राहिली. आजही तो आधी हनुवटी बघत होता. हनुवटी कोरी दिसली की वर जायची त्याला गरजच वाटत नव्हती.

एका फोटोवर हरिदास थांबला. पाटीवरचा नंबर मोठा, म्हणजे नुकतीच आलेली, गठ्ठ्यावर लिहिलेलं घर छिंदवाड्याकडचं. बाई खंगलेली, गाल आत गेलेले, पण डावा डोळा किंचित बारीक, आईचा होता तसा.

"बाबा, हे पाहा बरं."

रूपरावने मान पुढे केली. "नाई."

"डोळा पाहा ना."

"डोळ्याचं काय सांगतं? गोंदण कुठं हाय?"

हनुवटी खरंच कोरी होती. गुळगुळीत, नवरीच्या हनुवटीसारखी.

"मामाजी, मले बी आईसारकंच वाटून राह्यलं," रूपाली मागून सासऱ्याला म्हणाली.

"गोंदण का पान्यानं धुऊन जाते? जलमाचं रायते ते," रूपराव चिडून म्हणाला. "माही बायको मले समजत नाई का? समोर चाल."

हरिदासने बोट दाबलं. पुढचा चेहरा आला. संध्याकाळपर्यंत सगळे चेहरे संपले. रूपराव उठला आणि बाहेर गेला. "तिथं नाई ते," एवढंच म्हणाला. त्या घरात त्या दिवशी ताटं वाढली तशीच परत गेली. जिथं शेवटची आशा होती तिथंही ती नाही, म्हणजे आता कुठं? रुळावर? नदीत? तिघांच्याही मनात तेच होतं.

सोमवारी दुपारी फोन वाजला.

"भैया, दो दिन से लगा रही हूँ! आपका फोन ही नहीं लगता," रक्षा म्हणाली. "मिली क्या माताजी?"

"नहीं मिली."

"च्च. भगवान करे मिल जाए." मग जरा थांबून, त्याचं मन हलकं करावं म्हणून ती हसत म्हणाली, "आपने तो जादू सिखाया मेरे को. सीखने के लिए मैंने अपना फोटो भी डाला था उसमें. मेरे गाल का तिल ही उड़ गया! मम्मी बोली, ये तो मेरी लड़की नहीं है."

हरिदासच्या डोळ्यांपुढे ती कोरी हनुवटी आली.

"भैया? हैलो?"

"रक्षा," तो म्हणाला, "पुराना वाला फोटो है क्या कोई? एक भी?"

"आप ही ने तो बोला था, ऊपर से रख दो."

त्याने फोन ठेवला. हजारो नवरीमुलींच्या तोंडावरून त्याने डाग पुसले होते. गोंदण तर गेल्या काही वर्षांत पोरीच्या आयाच पुसून मागायच्या. "दादा, तेवढं हिरवं काढजा, गावठी दिसते." तो हसून काढून द्यायचा. यंत्राला डाग कोणता आणि गोंदण कोणतं, हे काय कळतं? आणि यंत्राला शिकवणारा, त्याला तरी कुठं सुचलं?

तो पळत घरी गेला. रूपराव ओट्यावर होता.

"बाबा, चाला. ते हायेच त्यात."

"कोन?"

"आई. म्या पुसलं गोंदण. माह्याच हातानं. फोनवर सांगून सांगून पुसलं."

म्हाताऱ्याला हे काही कळलं नाही. फोनवरून गोंदण कसं पुसता येतं? पण पोराचं तोंड बघून तो उठला.

स्टुडिओत हरिदासने तोच फोटो उघडला, छिंदवाड्याकडचा. रूपराव कितीतरी वेळ बघत राहिला. हनुवटीवरून त्याची नजर हटेना, आणि हनुवटी तर कोरी. शेवटी त्याने अंगठा उचलला आणि पडद्यावर हनुवटीवर ठेवला, झाकून टाकली. मग उरलेला चेहरा बघितला. कपाळ बघितलं. डोळा बघितला. नाकाची एक बाजू जराशी वाकडी, लहानपणी गाईने शिंग मारलेली. आयुष्यात कधी इतका वेळ त्याने बायकोकडे बघितलं नसेल.

"हेच होय," तो म्हणाला. आणि मग, "म्या नाई म्हनलं काल. म्या नाई म्हनलं तिले."

हरिदासने फोन लावला. रक्षाने त्या घराचा नंबर दिला. तिथल्या कामवालीने पाटीचा नंबर ऐकला आणि म्हणाली, "अरे, वो गोदने वाली? ठोड़ी पे तीन? बहुत सीधी थी. पूछो तो बोलती थी, मेरा लड़का फोटो निकालता है. कौन गाँव, वो नहीं बोल पाती थी. वो तो गई आज सुबह की बस में."

शनिवारी तिथं होती. रविवारी, ते तिच्या फोटोपुढे बसून नाही म्हणत होते तेव्हाही तिथंच होती. मागोमाग आलेल्या रूपालीने हरिदासच्या हातातून फोन घेतला आणि स्वतः विचारलं, कोणतं इस्पितळ, कुठल्या रस्त्याने, बस कधी पोचणार.

संध्याकाळी रक्षाचाच फोन आला. आता ती हसत नव्हती. बस पोचली होती. उतरवताना एक बाई कमी भरली. मुलताईच्या नाक्यावर चहाला गाडी थांबली होती, तिथं सगळ्यांना पाय मोकळे करायला उतरवलं होतं. चढताना कोणी मोजलं नाही.

"कौन सी बाई?" हरिदासने विचारलं. उत्तर त्याला ठाऊक होतं.

"भैया, मैं क्या बोलूँ," रक्षा म्हणाली आणि रडायला लागली.

मंगळवारी पहाटे निघायचं ठरलं. जाताना लोकांना दाखवायला, भिंतींवर लावायला फोटो पाहिजे. हरिदासने कम्प्युटरमधून आईचे फोटो काढले. पांढुर्ण्याच्या लग्नातला, नातवाच्या बारशातला, दिवाळीतला. सगळे सुंदर, सगळे उजळ. एकाही फोटोत गोंदण नव्हतं. घरचे फोटोही त्याच घाण्यातून निघालेले. तो प्रिंट काढत गेला आणि बघत गेला, आणि त्याला कळेना की आपण इतकी वर्षं काय काढत होतो.

रूपरावने एक फोटो हातात घेतला. शर्टाच्या खिशातून बॉलपेन काढलं.

"बाबा, काय करून राह्यले?"

"थांब."

म्हाताऱ्याने चष्मा सारखा केला, श्वास धरला आणि हनुवटीवर एक ठिपका दिला. मग मधला, जरा मोठा. मग तिसरा. निळी शाई, पण काय करणार? एक झाला की दुसरा फोटो घ्यायचा. ठिपके जागच्या जागी पडत होते. रूपाली फोटो भिंतींवर चिकटवायला खळ शिजवत होती, ती हातातलं काम सोडून बघत राहिली.

वरुडवरून पांढुर्णा, पांढुर्ण्याहून मुलताई. बसमध्ये बापलेक दोन बाजूंच्या खिडक्यांशी बसले होते. हरिदासला वाटत होतं, बापाने दोन शिव्या तरी द्याव्यात. एका थांब्यावर तो म्हणालाही, "बाबा, माह्यामुळं झालं हे."

"नाई म्हननारा मी," रूपराव खिडकीबाहेर बघत म्हणाला. "आता चूप बस. बाहेर पाह्य. रस्त्यानं चालत असन त दिसन."

दोघं आपापल्या बाजूच्या खिडकीतून रस्ता बघत गेले. म्हातारी बाई दिसली की दोघांच्याही माना वळायच्या.

मुलताईच्या नाक्यावर चार चहाच्या टपऱ्या होत्या. पहिल्या तिघांनी मान हलवली. रोज शंभर गाड्या थांबतात, कोणाला कोण आठवणार? चौथ्या टपरीवर एक बाई होती, रॉकेलच्या स्टोव्हवर चहा करत होती. तिने फोटो हातात घेतला, लग्नातल्या नव्या लुगड्याकडे बघितलं आणि "नाई बा," म्हणून परत द्यायला लागली. हात अर्ध्यावर थांबला. तिने ठिपक्यांवर बोट ठेवलं.

"केस नाईत काय तिले?"

"नाईत," हरिदास म्हणाला.

"बापा! मंग हेच. पन फोटोत त लयच गोरी केली तुमी तिले." तिकडच्या गावांत मराठीच बोलतात, जराशी वेगळी. "काल बस गेली अन् हे इथंच बसली. कोनाले काई मागे नाई. म्या चाय देल्ली त पिऊन कप धुतला, मंग माह्ये सारेच कप धुऊन टाकले. रात्री माह्याच घरी झोपली."

"अन् आता?"

"आता कुठं असन? सकाळी निंदाले बाया चालल्या होत्या, तिकडे, नाल्याच्या पलीकडे. त्याईच्या मांगं लागली. म्या हाका मारल्या, पन आयकते कोन? माह्याजवळचा विळा घेऊन गेली!"

हरिदास आधीच धावायला लागला होता. रूपराव मागून येत होता, धोतराचा सोगा हातात धरून. पावसाने वाट चिकटलेली, चपला रुतायच्या, म्हाताऱ्याने त्या काढून बगलेत मारल्या. नाल्याला पाणी होतं, गुडघाभर. हरिदासने बापाला हात दिला. पलीकडे चढ, आणि चढावरून खाली सोयाबीनचं हिरवंगार शेत.

शेतात बायांची ओळ वाकलेली होती. सगळ्यांच्या पाठी इकडे. सगळ्यांच्या डोक्यावरून फडकी, पोत्याची खोळ, पदर. कोणाचा चेहरा नाही, केस नाहीत की हनुवटी नाही. नुसत्या पाठी आणि हात, तण उपटणारे.

हरिदासने तोंडाशी हात नेले. "आई!" तो ओरडला.

पाच-सहा बाया एकदम उठून उभ्या राहिल्या. सगळ्याच कोणाच्या ना कोणाच्या आया. त्यांनी डोळ्यांवर हात धरून इकडे बघितलं, आपला पोरगा नाही म्हणून परत वाकल्या. हरिदासला वाटलं, आता आपल्याच्याने काही होत नाही. नसली तर? टपरीवालीने दुसरीच कोणी बघितली असली तर? तो शेतात उतरायला निघाला तसा रूपरावने मागून त्याचा शर्ट धरला.

"हाका मारू नको. भेईन ते."

"बाबा, पन कोनती?"

रूपराव ओळ बघत होता. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभा राहून तो एकेक पाठ बघत गेला. मग त्याने बोट केलं. काठाकडून तिसरी. तिच्या अंगात आश्रमाचा झगा होता, वरून कोणाचं तरी जुनं लुगडं गुंडाळलेलं. इतर बाया मधूनमधून बोलत होत्या, हसत होत्या. ही बोलत नव्हती. डाव्या हाताने झाड बाजूला धरायचं, उजव्याने विळा घालायचा, तण झटकून मागे टाकायचं. हात थांबत नव्हता.

"पात पुरी होऊ दे," रूपराव म्हणाला आणि धुऱ्यावर खाली बसला, ओल्या गवतात.

हरिदास बसू शकला नाही. बायांची ओळ शेताच्या टोकाला गेली, वळली आणि नवी पात, निंदायचा नवा पट्टा, धरून यांच्याकडे यायला लागली. आता चेहरे इकडे होते, पण खाली. जवळ येत येत ती तिसरी बाई धुऱ्यापर्यंत आली, शेवटचं गवत उपटलं, कमरेवर हात ठेवून सरळ झाली. उन्हाने काळवंडलेला चेहरा, भादरलेल्या डोक्यावर नुसते पांढरे खुंट, ओठ सुकलेले, गालावर चिखल. हनुवटीवर घामातून चमकणारं हिरवं गोंदण.

तिने आधी रूपरावकडे बघितलं, मग हरिदासकडे. दोघांकडे सारखंच बघितलं, बांधावर बसलेल्या कोणाही माणसांकडे बघावं तसं. रूपरावच्या बगलेतल्या चपला गळून पडल्या होत्या.

"पानी आनलं का?" रुख्माबाईने विचारलं.

हरिदासने चारी बाजूंना बघितलं. शेताच्या पलीकडच्या अंगाला विहीर दिसत होती, तिच्यावर एक बादली पालथी घातलेली.

"आनतो," तो म्हणाला आणि पिकाला जपत, सऱ्यांमधून पळत सुटला.